आधी चिमटा, मग आकडा

१० जानेवारी ९९, रविवार. सातारा

टिप्याने आज दादाच्या बूथमध्ये इंटरनेटवरचं पहिलं पान आणलं. ब्राउझर माझा, किती रविवार घातले त्यात ते माझं मला माहीत, आणि नाव मात्र दादाने ठेवलं. आटपाडीला घरी टिप्या कुत्रा होता, एका शिट्टीत मेंढरं गोळा करायचा. "त्यो मेंढरं आनायचा, ह्यो पानं आनंल." असू दे. नाव काही वाईट नाही.

चित्रं नाहीत, रंग नाहीत, नुसता मजकूर. जुनाट ४८६ कॉम्प्युटरवरसुद्धा पळतो. मजकूर मुंबईहून आणलेल्या बोलक्या डब्यात जातो आणि डबा तो इंग्रजीत मोठ्याने वाचतो. डब्याचं नाव साहेब. दादाला जन्मापासून दिसत नाही. पण एस.टी. स्टँडसमोर हा एस.टी.डी. बूथ तो इतकी वर्षं चालवतोय की निम्म्या गिऱ्हाइकांना अजून पत्ताच नाही. नंबर एकदा ऐकला की लावला.

तर साहेब बोलला. शब्दन् शब्द स्पष्ट. मी बूथमध्ये नाचायचीच बाकी राहिले होते. आणि दादा काय म्हणाला?

"लय येळ लागतोय गं, शारदे."

लागणारच. पानामागून त्याची स्टाइलशीट येते. कुठला मजकूर ठळक, कुठला लपवायचा, कशाला काय रूप द्यायचं, ते सगळं तिच्यात लिहिलेलं असतं. ती येईपर्यंत थांबायचं हे मी टिप्याला मुद्दाम शिकवलंय. बाकीचे मजकुरी ब्राउझर शीटकडे ढुंकून बघत नाहीत. माझा बघतो. पण तोवर साहेब गप्प, आणि दादाच्या हिशेबी गप्प म्हणजे लाइन तुटली. त्याने दोनदा एस्केप दाबलं. दोन्ही वेळा पान वाटेतच मेलं.

वहिनीचं गाऱ्हाणं वेगळंच. बूथला लाइन एकच. मोडेम बसलं की फोन बंद. दार ढकलून म्हणाली, "आवं, भाईर मानसं खोळंबल्यात. ह्यो कुत्रा कवा उठायचा लायनीवरनं?"

१२ जाने., मंगळवार. सांगली

ऑफिसात दिवसभर दूध संघाच्या बिलांच्या तारखांत दोनाचे चार आकडे करत बसले. २००० साल येतंय म्हणून सगळा महाराष्ट्र हेच करतोय बहुतेक.

शेजारच्या खुर्चीवर मुजावर, मिरजेचा. मोडेमचा डॉक्टर, पण मत सगळ्यावर. त्याला टिप्याचं सांगितलं.

"शीट आणायची तर पूर्ण पाळ. अर्धवट म्हणजे अर्धी दाढी."

"गिऱ्हाईक खुर्चीवर थांबलं तर दाढी ना!"

स्वतःसाठी लिहून ठेवते. थांबून वाचणं झालं, ते दादाला नको. दुसरी वाट: न थांबता वाचायला लागायचं, शीट आली की पान पुन्हा मांडायचं. मोठे ब्राउझर हेच करतात. तिसरी: शीटच नको. तिसरीवर जायची वेळ येणार नाही. दुसरी जमतेच. रविवारी नेते.

१७ जाने., रवि. सातारा

जमली नाही.

म्हणजे प्रोग्रॅम चोख चालला. साहेब लगेच वाचायला लागला, दादा खूश, आणि तिसऱ्या वाक्याला शीट आली. पान पुन्हा मांडलं गेलं. साहेब पुन्हा पहिल्यापासून. तिथे दुसरी शीट आली. पुन्हा पहिल्यापासून.

"साहेब तोतरा झाला का काय?"

वहिनी पदर तोंडाला लावून हसत होती. मी जेवण सोडून बसले आणि साहेब जिथे होता तिथूनच पुढे वाचेल असं केलं. पण वरचा मजकूर शीटने लपवला की जागा सरकते. साहेब एका वाक्यात शिरला आणि दुसऱ्याच वाक्यातून बाहेर पडला.

एक गोष्ट मात्र कळली, ती आधी कोणी सांगितली नव्हती. पान हललं तर डोळा काही बोलत नाही, तो आपला पुन्हा जागा शोधतो. कानाला मागे फिरता येत नाही. मोठ्या ब्राउझरवाल्यांनी डोळा धरून सगळं केलंय. त्यांची नक्कल बंद.

भाकरी थंड झाली होती. वहिनीने पुन्हा तव्यावर टाकून दिली.

२४ जाने., रवि. सातारा

दादाचं नशीब उघडलं की काय!

लहानपणापासून त्याला रेडिओचं वेड. बापूंनी बाजारातून एक डबडा ट्रान्झिस्टर आणला होता, तेव्हापासून शॉर्टवेव्हवरची कुठकुठली स्टेशनं धुंडाळायची, आणि कसं ऐकू आलं, कुठे खरखर होती, कुठलं दुसरं स्टेशन वर बसलं होतं, ते टाइप करून त्या स्टेशनला पाठवायचं. त्यातल्या युरोपातल्या एका स्टेशनची मार्था म्हणून बाई आहे, श्रोत्यांचा पत्रव्यवहार बघते. तिने ईमेल केलीय. या भागासाठी त्यांना कायमचा ऐकणारा माणूस हवा, त्याला ते मॉनिटर म्हणतात. आठवड्यातून दोनदा त्यांच्या पानावरचा फ्रिक्वेन्सीचा तक्ता वाचायचा, एकेक लावून बघायची, अहवाल धाडायचा. १८ एप्रिलपर्यंत उमेदवारी. पास झाला तर पक्कं काम, आणि नवा रिसीव्हर.

मी विचारलं, "त्यांना सांगितलंस का?"

"काय?"

"दिसत नाही ते."

"कानाचं काम हाय. डोळ्याचं कशाला सांगू?"

मी म्हटलं, नंतर कळलं तर वाईट दिसेल. तेव्हा तो एकदम उखडला. "आजपातूर मला आल्यालं एकबी पत्र मी आदी वाचलेलं न्हाई. बी.ए.चा निकाल तू वाचलास. लग्नाच्या बोलणीचं पत्र बापूंनी मास्तराकडनं वाचून घ्येतलं, मग आईला सांगितलं, मग तुला, आनि मग मला. माझंच लगीन! हे काम मी करनार, मीच वाचनार, मीच लिवनार."

मला वाईट वाटलं आणि रागही आला. मी काय चोरून वाचलं होतं का? निकालाचं पत्र आलं तेव्हा मीच धावत गेले होते ना त्याच्याकडे? पण आता परतीच्या गाडीत लिहिताना, कराडच्या पुढे, आठवलं की धावत जाताना मी वाटेत भेटलेल्या सगळ्यांना सांगत गेले होते.

३१ जाने., रवि. सातारा

तिसरी वाट. शीट बंद. पार कापून टाकली. आता टिप्या शीट मागतच नाही.

पान असं येतं की साहेबाला श्वास घ्यायला वेळ नाही. दादाने तक्ता वाचून लाइन सोडली तेव्हा बाहेरचा माणूस चिठ्ठीवरचा नंबरच शोधत होता. वहिनीने खुशीत शेंगदाण्याच्या पोळ्या केल्या आणि सांगलीला बांधून दिल्या.

शीट म्हणजे डोळ्याचे चोचले. ज्याला डोळेच नाहीत त्याला रंग नि वेलबुट्टी काय करायची? हे मला महिन्यापूर्वीच सुचायला हवं होतं.

ता. क., सोमवारी, सांगली: मुजावरला पोळी दिली आणि हे ऐकवलं. म्हणाला, "म्हणजे अख्खी दाढीच ठेवलीस. बघ बाई." पोळ्या मात्र दोन खाल्ल्या.

२१ फेब्रु., रवि. सातारा

दादाचे अहवाल वेळेवर जातायत. मार्थाने लिहिलंय की कान फार उत्तम आहे. 'एक्सलंट'. ते वाक्य त्याने साहेबाकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं. बूथमध्ये तेव्हा फलटण गाडीचा कंडक्टर फोन लावायला उभा. त्याने मला विचारलं, "कोन ओ ह्यो, इंग्रजीत दादांची तारीफ करतोय?"

दादाने संध्याकाळीच हेडफोन मागवला. म्हणे खाजगी पत्रव्यवहार आहे.

भाव तर इतका खातो की विचारू नका. मी मोडेमची वायर बसवत होते तर म्हणाला, "हळू. मॉनिटर बसलाय हितं."

१८ मार्च, गुरु., पाडवा. सांगली

सुटी असून साताऱ्याला गेले नाही. टिप्यात करण्यासारखं काही उरलंच नाही. कुत्रा शहाणा झाला. स्वतःची पाठ स्वतः थोपटून झाली, आता झोप.

२८ मार्च, रवि. सातारा

आजपासून स्टेशनांचा ऋतू बदलला. मार्च संपताना नि ऑक्टोबर संपताना शॉर्टवेव्हवाले आपल्या फ्रिक्वेन्सी बदलतात, हे मला आता दादामुळे पाठ झालंय. नवा तक्ता केवढा तरी मोठा. साहेब आकडे वाचत सुटला, दादा एकेक लावत गेला.

काही छान लागल्या. काहींवर नुसती आदळआपट. ११६४० वर तर कोणीतरी भलतंच गात होतं.

"हितं दुसरंच कुनीतरी येऊन बसलंय," दादा म्हणाला. कपाळाला आठी.

"मग तसं लिही. तुझं कामच आहे ते."

लिहिलं. तीन फ्रिक्वेन्सी: स्टेशन ऐकू येत नाही, तीव्र अडथळा. धाडलं.

६ एप्रिल, मंगळ. सांगली

दादाचा फोन ऑफिसात. कधी करत नाही. आवाज सपाट.

"मार्थाची मेल आली. म्हनती, ज्या तीनवर तुमी अडथळा लिवलाय त्या आमी कवाच सोडल्यात. पानावर काट मारलीया. तुमी पान नीट बगताय नव्हं?" आणि पुन्हा, "बगताय नव्हं, असं इच्यारती."

मी म्हटलं थांब, आणि मुजावरच्या मशीनवर, मोठ्या रंगीत ब्राउझरमध्ये, ते पान उघडलं. उघडायला युग लागलं. तक्ता आला. ११६४०, आणि तिच्यावर एक आडवी रेघ. शेजारी नवी, ११७१५. पुढेही तसंच. जुनी, वर रेघ, शेजारी नवी.

रेघ शीटमध्ये होती. पानात नुसते आकडे होते. जुना आणि नवा, दोन्ही सारखेच जिवंत. साहेबाने इमानाने दोन्ही वाचले. फेब्रुवारीत काटलेलं काही नव्हतंच, म्हणून तेव्हा सगळं गोड चाललं.

मुजावर मागे उभा होता. दाढीचं काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

दादाला सगळं सांगितलं. म्हटलं, चूक माझी, मी मार्थाला लिहिते, ब्राउझर असा आहे, भावाला दिसत नाही, तुम्ही समजून घ्या.

"तू लिवायचं न्हाई."

"अरे पण..."

"शारदे, तू लिवायचं न्हाई. मी आंधळा हाय म्हनून ती मला ठिवून घेईल, न्हाईतर मी आंधळा हाय म्हनून काढील. दोन्ही नगं मला." फोन ठेवला.

आज जेवले नाही. लाज वाटते. चुकल्याची नव्हे, प्रोग्रॅम चुकतातच. 'ज्याला डोळेच नाहीत त्याला रंग नि वेलबुट्टी काय करायची' असं मी इथे, याच वहीत लिहिलंय.

७ एप्रिल, बुध. सांगली

रडून झालं. आता काम.

अख्खी दाढी नको, अर्धीही नको. शीट आणायची, पण तिच्यातल्या दोनच गोष्टी ऐकायच्या: काय लपवलंय आणि काय काटलंय. रंग, आकार, समास, सगळं न वाचता फेकायचं. आणलेली शीट डिस्कवर जपून ठेवायची. पुढच्या वेळी फक्त विचारायचं, बदललीस का? नाही म्हणाली तर थांबणं संपलं. बदलली असेल तर थांबावं लागेल. त्याला इलाज नाही, पण तेवढा वेळ साहेब गप्प नाही बसणार. टिक टिक करेल, म्हणजे लाइन जिवंत आहे हे कळेल.

मुजावर: "हे आधी का नाही केलंस?"

मी: "कारण तू सारखा दाढीचं बोलत होतास."

होतंय. होणारच.

११ एप्रिल, रवि. सातारा

टिप्या नेला. वहिनीने मला हळूच सांगितलं, "वन्सं, चार दिस रेडिओ लावला न्हाई ह्येंनी."

टिक टिक आवडलं त्याला, पण तसं कबूल केलं नाही. पान आलं. साहेब म्हणाला: ११६४०, रद्द. मी विजयाने बघते तर दादाचा हात रेडिओच्या चाकावर, ११६४० कडे निघालेला. 'रद्द' ऐकल्यावर परत. पुढचा काटलेला आकडा, हात निघाला, रद्द, हात परत. तिसऱ्यांदा असं झाल्यावर त्याने गळ्यातला हेडफोन काढून टेबलावर आपटला.

"आकडा ऐकला की हात जातो माझा. मागनं सांगून काय उपेग?"

"रेघ आकड्यावरच असते, दादा."

"डोळ्याला. मला न्हाई."

मी म्हटलं, दर आकड्याला इतका उतावीळ होऊ नकोस. तो म्हणाला, प्रोग्रॅमवाली तू हायस का मी. मी म्हटलं, मग तूच लिही. असं आम्ही लहानपणापासून कधी भांडलो नव्हतो. बाहेर गिऱ्हाईक उभं होतं, त्याने फोन न करताच काढता पाय घेतला.

उद्याची रजा टाकली. असं अर्धवट सोडून जाणार नाही.

१२ एप्रिल, सोम. सातारा

बापू आले सकाळच्या आटपाडी गाडीने. तुपाची बरणी, खांद्यावर घोंगडं, आणि एस.टी.च्या ड्रायव्हरला शिव्या. आम्हा दोघांची तोंडं बघून म्हणाले, "कोन मेलं?"

वहिनीने सांगितलं, तिला जमेल तसं. बापूंनी जन्मभर मेंढ्यांचे सौदे केले. बाजारात भाव तोंडाने बोलायचा नसतो. दोघांनी टॉवेलाखाली हात घालायचे आणि बोटं धरून आकडा सांगायचा. भोवतीच्या शंभर जणांना कळत नाही. दादाला त्यांनी आकडे असेच शिकवले. शाळेत घालायच्या आधी बाजारात नेऊन, टॉवेलाखाली. मास्तर म्हणाला होता, आंधळं पोर काय शिकणार. बापू म्हणाले होते, "टॉवेलाखाली समदीच आंधळी."

बापू दादासमोर बसले, घोंगडं दोघांच्या हातांवर टाकलं.

"आता सांग. पयल्या यापाऱ्यानं भाव दिला, सौदा फिसकटला. त्यो मेल्याला भाव दुसऱ्याला सांगायचा हाय. मी काय करायचो?"

दादाचा हात घोंगड्याखाली चाचपडला. मग हळूहळू तोंड उघडलं त्याचं. "चिमटा काढायचा तुमी. मनगटाला."

"कवा?"

"आदी. बोटं धरायच्या आदी."

"का?"

"न्हाईतर दुसरा त्योच भाव खरा धरून बसंल."

"मग?" बापूंनी घोंगडं काढून घेतलं. "आदी चिमटा, मग आकडा. यवढ्यासाठी भांडताय व्हय रं दोघं?"

बापूंना इंग्रजी येत नाही, इंटरनेट म्हणजे काय ते विचारलंही नाही. चहा पिऊन गिऱ्हाइकाशी गप्पा मारत बसले, आणि त्याच्या म्हशीला किती यायला हवेत ते सांगितलं. त्याला म्हैस विकायची नव्हती.

मी तिथेच बसून बदललं. काटलेला मजकूर यायच्या आधी साहेबाने एक खालचा, ठोकल्यासारखा आवाज काढायचा. टक्. मग आकडा. 'रद्द' शब्द गेला. दादाने लावून पाहिलं. टक् झालं की हात मांडीवरच. आकडा ऐकून घेतो, सोडून देतो. टक् नसला की हात चाकावर.

दादाला म्हटलं, "चूक माझी होती."

"व्हय," म्हणाला. आणि रेडिओ बंद करत, "चांगला झालाय गं कुत्रा."

१८ एप्रिल, रवि. सातारा

उमेदवारीतला शेवटचा अहवाल. स्टेशनवाल्यांनी नेमकी कालच शीट बदललेली. टिप्याने विचारलं, ती म्हणाली बदलले, आणि बसला टिप्या लाइनवर. टिक, टिक, टिक. पुण्यापर्यंतची लाइन आज मेल्यासारखी. बाहेर माणसं वाढली. कोणाची मुंबईची गाडी चुकत होती, कोणाला शिराळ्याला सोयरीक कळवायची होती.

माझी बोटं एस्केपवर. जुनी जपलेली शीट लावून चालवता येईल, कदाचित तीच असेल. म्हटलं, "दादा, जुन्यावर वाचूया?"

"थांब."

"अरे माणसं..."

"थांबू दे त्येला. पुरं आनू दे."

लय वेळ लागतोय म्हणून ज्याने जानेवारीभर माझं डोकं खाल्लं, तो हा माणूस.

आणि वहिनी दारात उभी राहून काय करत होती? गिऱ्हाइकांना समोरच्या बूथवर लावत होती! ज्या बूथवाल्याशी ती गेली कित्येक वर्षं बोलत नाही, त्याच्याकडे. "तिकडं जावा. हितं काम चाललंय." एकजण कुरकुरला तर म्हणाली, "परदेशाचं काम हाय. तुमची सोयरीक काय पळून जात न्हाई."

पान आलं. टक् आणि आकडे, टक् आणि आकडे. दोन नव्या काटल्या गेल्या होत्या, कालपासून. जुन्या शीटवर वाचलं असतं तर त्या जिवंत लागल्या असत्या. दादाला मी हे सांगितलं नाही. त्याला माहीत होतं.

त्याने अहवाल टाइप केला, टपटप, मान वर करून. मी मुद्दाम पाठ फिरवून उभी राहिले. धाडल्यावर त्यानेच सांगितलं.

"मागल्या टायमाचं बी लिवलं."

"काय लिहिलंस?"

"माझ्या ब्राउझरात रेघ ऐकू येत नव्हती. आता येती."

म्हणजे सांगितलं त्याने. त्याच्या पद्धतीने. आता मार्थाला काय कळायचं ते कळो.

२० एप्रिल, मंगळ. सांगली

मुजावरशी वाद. टिप्या इतरांना द्यायचा तर मुळात काय ठेवायचं, थांबणं की पळणं? तो म्हणतो थांबणं, नेहमी. मी म्हणते प्रत्येकाला साताऱ्याची वहिनी मिळत नाही. ठरलं नाही. मला वाटतं माझंच बरोबर आहे, पण जानेवारीतही मला तसंच वाटत होतं.

२५ एप्रिल, रवि. सातारा

बूथच्या बाहेर बाकावर बसून लिहितेय. वहिनी शेजारी, हातात चहाचे दोन कप, दोन्ही गार.

मार्थाचं उत्तर आलंय.

मी आत होते तेव्हाच साहेब बोलला, नवी मेल, एक. मी सवयीने पडद्याकडे मान वळवली. पहिली ओळ यायच्या आत दादाने हात लांब करून पडद्याचं बटण बंद केलं. पडदा काळा.

"भाईर बस जा. वाचून झालं की सांगतो."

हेडफोन घातला. मी बाहेर आले. त्याने काचेचं दार आतून लावून घेतलं.

काचेतून दिसतोय. मान थोडी तिरकी, बोटं कळफलकावर. चेहऱ्यावरून काही कळत नाही. बापूंचा मुलगा आहे, सौदा होईपर्यंत चेहऱ्यावर काही येणार नाही. साहेब आत त्याला काय सांगतोय, आमच्यापर्यंत एक अक्षर नाही. मी दाराला कान लावून पाहिला. वहिनीने दटावलं, मग तिनेही लावला.

एकदा हात मांडीवर गेला. मला वाटलं टक् झालं. मग हात परत वर आला.

वहिनी विचारतेय, "वन्सं, काय लिवलं असंल?"

मला माहीत नाही. मी जवळ असताना त्याचं पत्र त्याने आधी वाचलं असं जन्मात पहिल्यांदा झालं, आणि मी दाराबाहेर. जीव टांगणीला लागलाय, पण बरं वाटतंय.

एकदा वाचून झालं असावं. त्याने बटण दाबलं. पुन्हा पहिल्यापासून वाचतोय.